जुन्या कार्डाला ड्रायव्हर पाहिजे

कंट्रोलरबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी डेपोतल्या निम्म्या ड्रायव्हरांनी त्यांना फुलं दिली. उरलेले निम्मे त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, ते बाई खरंच जातायत ना याची खात्री करून घ्यायला.

बाईंचं काम सांगायला सोपं होतं. रोज कोणती बस कोणत्या ड्रायव्हरने न्यायची ते ठरवायचं. डेपोत नव्या बस चार आणि जुन्या ढीगभर, आणि प्रत्येकाला नवीच हवी. त्यामुळे बाईंच्या खिडकीसमोर पहाटेपासून नाटकं चालायची. एकाची कंबर धरलेली असायची, एकाला उलट्या होत असायच्या, एकाला तर म्हणे डॉक्टरने जुन्या गिअरची मनाईच केली होती. "त्या डॉक्टरला पाठवून द्या," बाई मान वर न करता म्हणायच्या, "आज त्यालाच देते बारा नंबर."

बारा नंबर ही डेपोतली सगळ्यात म्हातारी बस. चढावर धापा टाकायची, उतारावर ऐकायची नाही, आणि पाऊस बाहेर थांबला तरी आत पडत राहायचा.

निवृत्तीनंतर बाई घरी बसल्या आणि घराचा डेपो झाला. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा, तोही निवृत्त. दुसऱ्यांच्या चुका काढून आयुष्यभर पगार घेतलेला माणूस, पण बायकोची एकही चूक दाखवायची त्याची हिंमत झाली नव्हती. बाईंनी त्याला भाजीच्या फेरीवर लावलं. यायला उशीर झाला की दारातच चौकशी. दुपारी त्याचा डोळा लागला की "ड्यूटीवर झोपता?" महिन्याभरात तो टेकीला आला आणि त्याने बायकोच्या भाच्याला फोन केला.

"तुझ्या मावशीला काहीतरी काम दे बाबा. नाहीतर मला कुठेतरी नेऊन ठेव."

भाचा एका जाहिरात कंपनीत चित्रं जुळवायचा. त्याला कुठलीही वस्तू टाकवत नसे आणि स्वतःच्या घरात ठेवायला जागा नसे, त्यामुळे त्याच्या झाडून सगळ्या नातेवाइकांची घरं भरलेली होती. त्याने नवा कॉम्प्युटर घेतला होता. जुना उचलून त्याने मावशीच्या टेबलावर आणून ठेवला. डबा पोत्यासारखा जड, आणि चालू केला की आतला पंखा विमान उडाल्यासारखा ओरडायचा.

"मावशी, यात पत्ते आहेत, शब्दकोडी आहेत. वेळ मजेत जाईल."

पत्ते बाईंना चहा संपेपर्यंत पुरले. शब्दकोड्यांवर नवऱ्याने डल्ला मारला. मग एका दुपारी बाईंचा हात चुकून एका कवटीच्या चित्रावर पडला, आणि पडद्यावर एक ओसाड गाव उभं राहिलं. धुकं, मोडकी घरं, आणि हातात बंदूक. पहिलं भूत अंगावर आलं तेव्हा बाई किंचाळल्या. दुसरं आलं तेव्हा त्यांनी त्याला "रांगेत या" म्हणून दटावलं. तिसऱ्याला गोळी घातली.

आणि बाईंना बऱ्याच वर्षांनी इतकं मोकळं वाटलं.

"अगं, ती भुतं नव्हेत," नवरा मागून म्हणाला. "भुताला देह नसतो. ही चालती प्रेतं आहेत."

"असू देत. हा पोट सुटलेला बघा, हुबेहूब आमचे दुसरे मॅनेजर." धाड. "आणि हा लंगडणारा, दर सोमवारी पाय मुरगळून यायचा तो." धाड.

त्यानंतर घरात शांतता आली. म्हणजे गोळ्यांचा आवाज असायचा, किंकाळ्या असायच्या, पण नवऱ्याच्या हिशोबी ती शांतताच. त्याला दुपारी झोपता यायला लागलं. बाई पहिली पातळी ओलांडून दुसरीत गेल्या, दुसरीतून तिसरीत. तिसरीत एक लांबलचक पूल होता आणि पुलाच्या दोन्ही बाजूंनी भुतं चढून यायची. तिथे बाईंचं घोडं अडलं, पण त्याचं त्यांना दुःख नव्हतं. उलट सकाळी उठायला कारण मिळालं होतं.

मग एके दिवशी कॉम्प्युटरने कोणाला न विचारता स्वतःच स्वतःला अपडेट केलं. 'बंद करू नका' एवढंच म्हणाला आणि बराच वेळ गोल गोल फिरत बसला. तो उठला तेव्हा भुतांना डोकी नव्हती. धडं तेवढी पुलावरून चालत येत होती. आकाशाचे चौकोन पडले होते, नदी जांभळी झाली होती, आणि मधूनच सगळा पडदा काळा पडून पुन्हा येत होता. आला की कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ दिसायची: ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली.

"प्रतिसाद देत नाही म्हणजे काय? पिऊन आलाय का?"

त्यांनी भाच्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, म्हणून कुजबुजत बोलला. "मावशी, त्या डब्यात एक ग्राफिक्स कार्ड असतं. पडद्यावरची सगळी चित्रं ते काढतं. त्याला चालवणारा जो प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्ड ही गाडी समज."

पलीकडे मावशीचा सूर एकदम बदलला. डेपोतले लोक असते तर त्यांनी तो लगेच ओळखला असता.

"गाडी कोणत्या सालची?"

"अगं, जुनी आहे. बरीच."

"आणि ड्रायव्हर कोण दिलाय?"

"ते आपोआप येतं गं. तू असं कर, सगळ्यात नवीन टाक. नवीन ते चांगलं."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात," भाचा म्हणाला, आणि कोणीतरी त्याला हाक मारली म्हणून त्याने फोन ठेवला.

कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून बाईंनी नवा ड्रायव्हर उतरवून घेतला. दुपार गेली त्यात. एवढा थोरला ऐवज घरात आला, त्याने कार्डाकडे एक नजर टाकली आणि सांगितलं, हे हार्डवेअर मला चालणार नाही. पुढे यायलाच तयार नाही.

"बघा!" बाई नवऱ्याला म्हणाल्या. "नवीन पोरं! जुनी गाडी दिसली की लगेच रजेचा अर्ज."

इथे बाईंनी थांबायला हवं होतं. पण पडद्याच्या कडेला एक लाल पाटी लुकलुकत होती: तुमचे सगळे ड्रायव्हर जुने झाले आहेत! बाईंना ते लागलं. अख्खं आयुष्य ज्यांनी ड्रायव्हर सांभाळले त्यांना हे सांगणारा तू कोण? रागाच्या भरात त्यांनी पाटीवरचं बटण दाबलं. पाटी तेवढ्यासाठीच बसलेली होती. फुकटात ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारा एक प्रोग्रॅम घरात शिरला आणि त्याने आपलं गणगोत मागून बोलावून घेतलं. केस उगवण्याचं तेल, पोट उतरवण्याचं चूर्ण, एकाकी माणसांसाठी मैत्रिणी. नवरा शब्दकोडं सोडवायला बसला तर एक सोनेरी केसांची बाई पडद्यावर येऊन त्याला डोळा मारून गेली.

"ही कोण?" कंट्रोलरबाईंनी विचारलं.

"मला काय माहीत? तूच आणलीस."

मग बाईंनी स्वतःचं शास्त्र काढलं. जुन्या गाडीला जुनाच ड्रायव्हर. भाच्याने डब्याबरोबर एक खोकंही आणून टाकलं होतं, त्यात कार्डाबरोबर पहिल्या दिवशी आलेली सीडी होती. ती त्यांनी घातली. ड्रायव्हर आला, बसला, आणि त्याने पडद्यावरचं सगळं एवढं मोठं केलं की एका कवटीने निम्मी जागा खाल्ली. रंग उडाले. खेळ तर उघडायलाच तयार नाही. तो ड्रायव्हर जन्मला तेव्हा हा खेळही जन्मला नव्हता आणि हा कॉम्प्युटर ज्या प्रणालीवर चालत होता तीही नव्हती, मग तो बिचारा करणार काय?

"अक्षरं छान मोठी झाली हं," नवरा म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते वाक्य जागीच खोडलं.

आठवडाभर बाई म्हणत राहिल्या की मला असंच हवं होतं. पण हाताला भुतं नव्हती, आणि हात तर शिवशिवत होते. म्हणून त्या परत नवऱ्याकडे वळल्या. भाजीची फेरी, दारातली चौकशी, डुलकीवर बंदी. नवरा दाढीच्या निमित्ताने घराबाहेर पडला. दाढी त्याने आदल्याच दिवशी केलेली होती.

केशकर्तनालयातल्या दुसऱ्या खुर्चीवर एक दांडगा माणूस बसला होता आणि न्हाव्याला काहीतरी समजावून सांगत होता. त्याचं समजावणं रस्त्याच्या पलीकडच्या औषधांच्या दुकानापर्यंत पोचत होतं.

"कंपनी नवे ड्रायव्हर लिहिते ते नव्या कार्डांसाठी हो! जुन्या कार्डाकडे कोण बघतो? वापरून झालं, मेलं तरी चालेल, दुसरं घेतील! पण जुनं कार्ड मेलेलं नसतं. त्याला त्याचा माणूस मिळत नाही एवढंच!"

न्हाव्याचा कॉम्प्युटरशी काही संबंध नव्हता. तो फक्त कान वाचवून कात्री चालवत होता. पण बाईंचा नवरा तोंडाला फेस लावलेल्या अवस्थेत खुर्चीवरून अर्धा उठला.

"अहो, तुम्हाला कार्डातलं कळतं?"

"कार्ड कोणतं?"

"ते नाही माहीत. माझी बायको बघते ते. ती आधी बसच्या डेपोत कंट्रोलर होती."

दांडगा माणूस पहिल्यांदाच गप्प झाला. न्हाव्याने तेवढ्यात कानामागचे केस उरकून घेतले.

"बाई?" तो म्हणाला. "बारा नंबरवाल्या बाई?"

डेपोत या माणसाला सगळे भोंगा म्हणायचे. हॉर्न बिघडला तर हा खिडकीतून डोकं काढून ओरडला की भागायचं. बाईंनीही त्याला कधी नावाने हाक मारली नाही. पण ऑफिसची शिस्त म्हणून त्या आदरार्थी 'भोंगे' म्हणायच्या, त्यामुळे नवीन लोकांना ते त्याचं आडनाव वाटायचं. आणि या भोंग्याला बाईंनी वर्षानुवर्षं, उन्हात, पावसात, बारा नंबरच दिला होता. बाईंच्या पाठोपाठ तोही निवृत्त झाला होता, पण त्याच्या बरंच आधी मुलीने टाकून दिलेला कॉम्प्युटर त्याने घरी आणला होता. आयुष्यभर खटाऱ्याची सवय, त्यामुळे नवं काही झेपलंच नसतं. त्यात तो विमानं उडवायचा, आणि त्यापायी जुन्या कार्डांच्या मागे लागून लागून त्यात मुरला होता. ते तो भेटेल त्याला सांगायचा, विचारलं नाही तरी.

आता बाईंची गाडी बंद पडली होती. अशी संधी माणसाला एकदाच मिळते. भोंगा दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर झाला.

"भोंगे? तुम्ही? इथे कसे?"

"गाडी बंद पडली म्हणे बाई."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता.

"बंद नाही पडली," बाई म्हणाल्या. "जरा ओढत नाही."

"डोकी नाहीत ना भुतांना?"

"हे बाहेर कोणी सांगितलं?"

"साहेबांनी. दाढी करताना." भोंगा आत येऊन खुर्चीत बसलाही. "बघू."

त्याने आधी डब्याची बाजू उघडली. आत एवढी धूळ होती की कोणी बी टाकलं असतं तर उगवलं असतं. नवऱ्याने रंगाचा ब्रश आणून दिला. भोंग्याने धूळ झाडली, पंखा बोटाने धरून साफ केला, आणि चष्मा कपाळावर चढवून कार्डावरची चिकटपट्टी वाचली.

"अरे वा! ही तर माझ्या कार्डाची थोरली बहीण." मग त्याने डबा चालू केला, पडद्यावर इकडेतिकडे उघडून पाहिलं आणि खो खो हसायला लागला. "बाई, एका गाडीत तीन ड्रायव्हर बसवलेत तुम्ही! एकाचे हात स्टिअरिंगवर, दुसऱ्याचा पाय ब्रेकवर, आणि तिसरा नुसताच प्रवाशांना तेल विकतोय!"

"हळू बोला."

"हळूच बोलतोय!"

बाईंनी ओठ आवळले. तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं आणि तेच झोंबत होतं. भोंग्याने आधी तेलवाल्याला आणि त्याच्या गोतावळ्याला हाकललं. मग डबा सेफ मोडमध्ये सुरू केला. म्हणजे जेमतेम गरजेपुरतंच चालू, बाकी सगळे घरी. अशा वेळी जुना ड्रायव्हर मुळासकट काढता येतो, नाहीतर त्याचं काहीतरी आत उरतं आणि नव्याच्या पायात येतं. आणि शेवटी त्याने ड्रायव्हर आपोआप बदलायची सोय बंद केली.

"हे केलं नाही ना बाई, तर आपण इथे कितीही चांगला माणूस नेमा, वरून परस्पर बदली होऊन दुसराच येतो."

"वशिल्याचा," बाई म्हणाल्या. हे त्यांना ताबडतोब कळलं.

"तोच!"

त्या दिवशी पहिल्यांदाच ते दोघं एका बाजूला होते. फार वेळ टिकलं नाही. कंपनीच्या साइटवर जुन्या कार्डांचे जुने ड्रायव्हर एका कोपऱ्यात ठेवलेले होते, अडगळीच्या खोलीत ठेवतात तसे. बाईंच्या कार्डासाठी कंपनीने जो अगदी शेवटचा ड्रायव्हर काढला होता, त्यावर बाईंनी बोट ठेवलं.

"हा घ्या. सगळ्यात अनुभवी."

"नको नको. शेवटचा कधी घेऊ नये. कंपनीला तेव्हा दुकान बंद करायचं असतं. निवृत्तीच्या आदल्या दिवशी कोण मन लावून काम करतं?"

"मी करत होते."

"हो. त्या दिवशीही बारा नंबर मलाच दिलात."

नवऱ्याला एकदम चहा ठेवायची आठवण झाली.

भोंग्याचं म्हणणं होतं की त्याच्या दोन घरं आधीचा घ्यायचा. तो कसा लोण्यासारखा चालतो. कशावरून, असं बाईंनी विचारलं. "हाताला लागतं," भोंगा म्हणाला. "हाताला लागतं" हे कारण बाईंनी तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही ड्रायव्हरकडून ऐकून घेतलं नव्हतं.

"नवा माणूस आला की आम्ही काय करायचो? सगळ्यांना एकाच रस्त्यावर पाठवायचो. तीच बस, तोच चढ. मग कळतं. यांनाही पुलावर पाठवा. तोच पूल, तीच भुतं, मधे काही बदलायचं नाही."

भोंग्याने तोंड वाकडं केलं. आपल्याला हे आधी सुचलं नाही याचं ते तोंड होतं.

पण हे काम एका बैठकीत होणारं नव्हतं. एक ड्रायव्हर बसवायचा, खेळून बघायचं, मग मुळासकट काढायचा, पुन्हा दुसरा बसवायचा. भोंगा रोज यायला लागला. बाई बंदूक चालवायच्या, भोंगा शेजारी बसून गाडी कुठे अडखळते ते बघायचा, आणि नवऱ्याला त्यांनी मागे उभं केलं. कारण छापखान्यात जन्म गेलेला माणूस, त्याची नजर चुकीवर बरोबर जाते.

"डोकं आहे," नवरा म्हणायचा. "डोकं आहे. आहे. याला एक कान कमी आहे."

"तो गोळीने गेला हो. मी मारली."

"मग ठीक. पुढे."

शेवटच्या ड्रायव्हरने डोकी सगळी दिली, नदीही नदीच्या रंगाची दिली, पण पुलाच्या मध्यावर गर्दी झाली की चित्र अडखळायचं. तेवढ्यात भुतं येऊन बाईंना खाऊन जायची. भोंग्याच्या लाडक्या ड्रायव्हरने खरंच लोण्यासारखी धाव घेतली. भोंगा मांडीवर थाप मारून "बघा!" म्हणाला, ते खालच्या मजल्यावरही लोकांनी बघितलं असेल.

"सावल्या नाहीत," नवरा म्हणाला.

"काय?"

"भुतांना सावल्या नाहीत. मागच्या वेळी होत्या."

"भुतांना सावली नसतेच साहेब! लहान पोरालाही माहीत आहे!"

"ती भुतं नव्हेत," नवऱ्याने सांगितलं, आणि आवाज चढवायची सवय नसल्यामुळे त्याचा आवाज थोडा फाटला. "चालती प्रेतं आहेत. त्यांना सावली हवी!"

बाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी त्याला कोणाशी भांडताना आज प्रथम पाहिलं होतं. त्यांना ते आवडलं, पण तसं सांगायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलतायत ते." तेवढ्यात पडदा काळा पडला, आणि पुन्हा आला तेव्हा कोपऱ्यात तीच ओळ होती. प्रतिसाद देणे थांबवले.

भोंग्याचा चेहरा असा पडला की बाईंनासुद्धा जिंकल्याची मजा आली नाही.

"माझ्या घरी असं कधीच होत नाही हो," तो म्हणाला.

"तुमचं कार्ड धाकटं. बहिणी असल्या म्हणून काय, दोघींना एकच नवरा चालतो का?"

राहता राहिला तो शेवटच्याच्या आधीचा. त्याच्याबद्दल दोघांनाही काही प्रेम नव्हतं. भोंग्याला तो फार नवा वाटत होता आणि बाईंना तो कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला, खिडकीसमोर कधी न भांडणारा, चेहरासुद्धा लक्षात न राहणारा असा माणूस वाटत होता. त्याला पुलावर पाठवला. नवरा मागून "आहे, आहे, आहे" म्हणत राहिला. सावल्या होत्या. नदी निळी होती. मध्यावर गर्दी झाली आणि चित्र सरळ चालत राहिलं. बाईंनी पोट सुटलेल्या मॅनेजरला उडवलं, लंगड्याला उडवलं, आणि बघता बघता त्या पुलाच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या. तिथे त्या आजवर कधीच पोचल्या नव्हत्या.

पलीकडे नुसतं एक कुंपण होतं आणि त्यापलीकडे चौथी पातळी.

"फक्त एक ध्यानात ठेवा," भोंगा जरा वेळाने म्हणाला. "शेवटच्या ड्रायव्हरमध्ये कंपनीने एक चोरवाट बुजवली होती म्हणतात. ह्यात ती उघडी आहे. तेव्हा बँकेची कामं वगैरे या डब्यावर करायची नाहीत."

"या डब्यावर मी फक्त माणसं मारते," बाई म्हणाल्या.

काम झालं होतं. आता भोंग्याने उठायला हवं होतं. पण तो उठला नाही. चष्मा पुसला, परत घातला, परत काढला.

"बाई, एक विचारू?"

"विचारा."

"बारा नंबर मलाच का?"

चौथी पातळी सुरू झाली होती. बाईंनी समोरून आलेलं एक भूत आधी आडवं केलं.

सोयीचं उत्तर त्यांच्याजवळ होतं. तुमच्यासारखा हात कोणाचा नव्हता म्हणून, एवढं म्हटलं असतं तर भोंगा हवेत तरंगत घरी गेला असता. पण फुकट कौतुक वाटायची बाईंना सवय नव्हती.

"पहिल्यांदा दिला तो रागाने," त्या म्हणाल्या. "नवीन होतात तुम्ही. खिडकीसमोर उभे राहून शेजारच्याला म्हणालात, ही खडूस कोण?"

"मी ते हळू म्हटलं होतं!"

"ते तुमचं हळू. कॅन्टीनवाला बाहेर येऊन बघून गेला."

नवरा चहाचे कप घेऊन दारातच थबकला.

"राग महिन्याभरात गेला," बाई पुढे म्हणाल्या. "पण तोवर लक्षात आलं, तुमच्याकडे ती गाडी रस्त्यात उभी राहत नाही. दुसऱ्या कोणाला दिली की संध्याकाळी दोरी बांधून आणावी लागायची. मग मी ती कोणाला देणार?"

"मग एकदा तरी सांगायचं! तसं सांगितलं असतं तर मी ती हसत नेली असती!"

"सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असतात."

"बसलो असतो," भोंग्याने कबूल केलं. मग तो पाठ चोळत म्हणाला, "त्या गाडीपायी अजून पट्टा बांधतो मी. कंबरेला."

"दिसतोय शर्टातून." बाईंनी माऊस खाली ठेवला. पडद्यावर दोन भुतं त्यांच्या दिशेने यायला लागली, ती त्यांनी येऊ दिली. "मधे कधीतरी चार दिवस नवी द्यायला हवी होती तुम्हाला. ते सुचलं नाही, असं नाही. सुचायचं. पण खिडकीपाशी गर्दी असायची, आणि तुम्ही मागायचे थांबला होतात."

भुतांनी बाईंना खाल्लं. भोंग्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"पुन्हा सुरू करा," तो म्हणाला. "आणि डावीकडून जा. उजवीकडे सगळे दबा धरून बसलेत." मग नवऱ्याकडे वळून, "साहेब, बिनसाखरेचा आहे ना?"

भोंगा येत राहिला. निमित्त दर वेळी वेगळं असे आणि कोणी विचारत नसे. त्याने न्हाव्याच्या दुकानात ही सगळी हकिगत सांगितली, त्यामुळे ती सगळ्या वस्तीला कळली. मग घरोघरच्या अडगळीतले कॉम्प्युटर बाहेर निघाले. कोणाच्या पडद्यावर पट्टे, कोणाची सगळी चित्रं हिरवी. लोक बोलवायला लागले, आणि बाई आणि भोंगा जोडीने जायला लागले. भोंगा पेचकस घेऊन, बाई नुसती पर्स घेऊन. प्रत्येक घरी दोघांचं भांडण व्हायचं. बरेच लोक तेवढ्यासाठीच बोलवत असावेत.

परवा एका शिक्षिकेकडे गेले होते. तिच्याकडे बाईंच्या कार्डाहूनही जुनं कार्ड निघालं. ते पाहूनच भोंग्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याने बाह्या वर केल्या. बाईंनी खुर्ची ओढून घेतली.

"यावर करता काय तुम्ही?"

"मुलांच्या परीक्षेचे पेपर टाइप करते," शिक्षिका म्हणाली. "आणि बहिणीशी बोलते, तिचा चेहरा बघत."

"दिसतो नीट?"

"हो, दिसतो की."

"अडकतं का कुठे? काळं पडतं?"

"नाही हो. पण सगळे म्हणतात ड्रायव्हर जुना आहे, बदलून घ्या, म्हणून म्हटलं..."

"झाकण लावा भोंगे," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, पण निदान बघू तरी! याला तो मधला घातला तर काय धावेल!"

"धावून जायचं कुठे? त्यांची बहीण तर समोर बसूनच बोलते."

भोंग्याने झाकण लावलं, पण स्क्रू असे आवळले की जणू बाईंचे कान पिळत होता. जिना उतरताना तो जे बोलत होता ते चारही मजल्यांना समजलं: लोकांना कदर नाही, आपण इस्त्री करून येतो, आणि ही बाई हात लावू देत नाही. मधे मधे तो थांबायचा तेव्हा बाई काहीतरी म्हणत असाव्यात. ते काही वर ऐकू आलं नाही.